वाकू नका

माझा पुण्यातला भाचा फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "मामा, सध्या क्लायंट किती?" त्याची जिम चकाचक आहे, भिंतीभर आरसे आहेत, तेव्हा त्याच्याकडे क्लायंट येणं ओघानंच आलं. माझ्याकडे माणसं येतात. चंद्रपुरातली मंडळी सर म्हणतात, आणि वैनगंगेपलीकडच्या ज्या गावात मी रविवारी जातो तिथे माझं नाव 'कसरतवाले भाऊ' पडलं आहे. कसरत शिकवतो तो कसरतवाला. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जे चाललं आहे ते बघता मला हे नाव दोन्ही अर्थांनी पटतं.

तर मागच्या आठवड्यात भाच्याने विचारलं, "मामा, तुझी मेथड काय रे?" आणि मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर वाईटही वाटलं. म्हणजे मेथड नव्हतीच असं नाही. १९९८ साली मी अमरावतीहून शिकून आलो तेव्हा माझ्याकडे अगदी पक्की मेथड होती. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं मैदान, १९१४ सालची संस्था, जिच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली... अशा ठिकाणाहून आलेल्या पोराच्या छातीत जेवढी हवा असायची तेवढी माझ्याही होती. गळ्यात शिट्टी. एक-दोन-तीन-चार. सगळे हात एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. ज्याचा हात मागे राहिला त्याला "नीट करा!" यात शिकवणाऱ्या गुरुजनांचा दोष काही नाही. विशीतल्या मुलांना मैदानावर जे शिकवलं गेलं, ते मी चंद्रपुरातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना आणि गुडघे दुखणाऱ्या काकूंना जसंच्या तसं वाढत होतो.

मला वाचवलं एका वहीने. सवय जुनी आहे. वर्ग संपला की पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं, मी काय म्हणालो. उजवीकडे, त्यांनी काय केलं. बस्स, एवढंच. सुरुवातीची पानं बघितली तर डावी बाजू गच्च भरलेली आणि उजवीकडे "ठीक", "ठीक", "बरं केलं". आज वाचताना हसू येतं. 'ठीक' म्हणजे मी बघतच नव्हतो!

डाव्या बाजूला सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य कोणतं असेल? "वाकू नका." कंबर दुखते? वाकू नका. बादली उचलायची? वाकू नका, गुडघ्यात बसा, पाठ सरळ ठेवा, मग उचला. हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेन. फार शास्त्रीय वाटायचं तेव्हा.

नदीपलीकडच्या गावात मी २००९ पासून जायला लागलो. मूल, सावली, व्याहाड आणि मग वैनगंगेचा पूल. समाजमंदिरात पंधरा-वीस बाया आणि चार-पाच म्हातारे जमायचे. त्यात एक मावशी होत्या, पंचावन्नच्या आसपासच्या. कंबर धरलेली, सकाळी उठताना भिंतीचा आधार लागायचा. दोन महिने त्यांना शिकवलं. पाठीवर झोपून गुडघे छातीशी, मांजरासारखी पाठ वर-खाली, आणि अर्थातच "मावशी, वाकू नका बरं." त्या मान डोलवायच्या. फरकही पडला. उन्हाळ्यात त्या स्वतःहून म्हणाल्या, बरं वाटते. मी वहीत लाल पेनने लिहिलं.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०११ च्या दिवाळीनंतर, सहज विचारलं, "मावशी, यंदा रोवणीला त्रास झाला का?"

"नाई झाला जी."

"वा! म्हणजे कसरतीचा फायदा झाला."

"रोवाले गेलीच नाई ना. तुमीच तं सांगतलं होतं जी, वाकू नोका म्हनून."

तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं. रोवणीचा हंगाम तीन-चार आठवड्यांचा, वर्षातली रोख मजुरी बऱ्याच घरांत तेवढीच, बाकी मग तेंदूपत्ता आणि धानकापणी. त्या हंगामात मावशी घरी बसल्या, कारण कसरतवाल्या भाऊने सांगितलं होतं. त्यांच्या जागी त्यांची सून गेली आणि तिचं लहान पोर मावशींनी सांभाळलं. नातीची शाळेची सायकल घ्यायची होती ती राहिली. हे शेवटचं त्यांनी सांगितलं नाही, दुसऱ्या बाईने सांगितलं.

त्या दिवशी पुलावर गाडी थांबवून मी बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो होतो. माझ्या एका वाक्याची किंमत कुणीतरी भरली होती आणि मला पत्ताही नव्हता. वहीत डावीकडे "वाकू नका" होतं. उजवीकडे काय लिहायचं?

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत मी पँट गुडघ्याच्या वर दुमडून बांधीत उतरलो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या झाडीपट्टीत धानाच्या बांधलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात.) आधी पऱ्हे उपटून पेंढ्या बांधतात, गडी त्या पेंढ्या चिखलात फेकत जातो, आणि बाया एका ओळीत, मागे मागे सरकत रोवतात. मी तासभर टिकलो. व्यायामाचा शिक्षक! तासाभराने कंबर अशी बोलायला लागली की धुऱ्यावर जाऊन आडवाच झालो. बायांनी मनसोक्त हसून घेतलं. मग आडवं पडून निवांत बघितलं आणि पहिल्यांदा नीट दिसलं. त्या वाकतात, पण पाठीतून कमी आणि खुब्यातून जास्त. गुडघे किंचित सैल. डाव्या हातात पेंढी, आणि त्या हाताचं कोपर मांडीवर टेकवलेलं, म्हणजे धडाचा भार तिथे उतरतो. मी आठवड्याला ज्याला 'हिप हिंज' म्हणून शिकवायचो, बँकेतल्या साहेबांना जे सहा महिन्यांत जमत नव्हतं, ते इथे तीस बाया गुडघाभर चिखलात करत होत्या. आणि यांना मी 'वाकू नका' शिकवत होतो.

वाकणं ही अडचण नव्हतीच. न थांबता वाकणं ही अडचण होती. आणि दुसरी अडचण म्हणजे मे महिन्यात जवळजवळ न वाकलेलं शरीर जुलैत एका दिवसात आठ तास वाकवणं.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की जगभर हाच गोंधळ झालेला आहे. पूर्वी कंबर दुखली की डॉक्टर अंथरुणावर पडून राहायला सांगत. ते केव्हाच मागे पडलं, आता हिंडतं-फिरतं राहा म्हणतात. 'लॅन्सेट'ने २०१८ साली कंबरदुखीवर लेखमाला काढली, तिचाही रोख तोच. कामगारांना ओझं 'योग्य पद्धतीने' उचलायला शिकवलं की पाठदुखी टळते का, याचा आढावा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००८ साली आला होता. टळते असा पुरावा सापडला नाही! मी मात्र त्यानंतरही तीन वर्षं तेच वाजवत होतो. आणि हे प्रकरण काही माझ्या गावापुरतं नाही. शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज यांच्या गटाने गडचिरोलीच्या गावांत पाठदुखी-सांधेदुखीचा अभ्यास केला, तो २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. खेड्यातली पाठदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असं त्यांनी मांडलं. आपण शहरात समजतो की पाठदुखी खुर्चीवाल्यांची. खेड्यातला माणूस 'कष्टाळू, काटक', त्याला कशाला व्यायाम? हा समज ज्याचा असेल त्याने एकदा रोवणी करून बघावी. तासभर पुरे.

असो. तर शिकवणं बदललं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून तयारी. पाण्याचा अर्धा भरलेला डबा खुब्यातून वाकून उचलायचा, आधी दहा वेळा, मग वीस, मग डब्यात पाणी वाढवायचं. रोवणीत काय करायचं, तर एकच गोष्ट. नवी पेंढी हातात घेताना सरळ उभं राहायचं, हात कमरेवर आणि आभाळ बघायचं. दोनदा. बस्स.

यात एक गंमत झाली. पेंढी घेताना थांबणं बायांना जमेना, कारण एकीची पेंढी संपते तेव्हा दुसरीची अर्धी असते, आणि एकटी उभी राहिली की ती मागे पडते, ओळ वाकडी होते. मला हे सुचणं शक्यच नव्हतं. तोड त्यांनीच काढली. रोवताना गाणी चालतात. गाणं संपलं की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं. कोणी मागे पडत नाही, कोणी आळशी ठरत नाही, आणि मुकादमालाही काही म्हणता येत नाही. मावशी त्या वर्षी रोवायला गेल्या. कंबर दुखलीच, खोटं कशाला सांगू? पण हंगाम पूर्ण केला.

मी हा 'आभाळ बघा' नुस्का सगळीकडे वापरायला लागलो. फार खूश होतो स्वतःवर. मोहफुलं वेचणाऱ्यांना, तेंदूपानं तोडणाऱ्यांना, सगळ्यांना आभाळ. तेंदूचं कामही तसलंच. पहाटे जंगलात जायचं, कमरेएवढ्या झुडपांवर वाकून पानं तोडायची, भारा डोक्यावर घेऊन घरी, मग मांडी घालून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मग संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. तर मी आभाळ शिकवत असताना एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, जंगलात आभाळ पाहून काय कराव? वाघ का वरून येते?"

सगळे हसले, मीही हसलो, आणि मग एकदम हसू थांबलं. आमच्याकडे हा विनोद फार वेळ विनोद राहत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसत असावा, असं वनविभागाची माणसं आणि अभ्यासक सांगत आले आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेव्हा आता जंगलात जाणाऱ्यांना मी आभाळ शिकवत नाही. उभं राहायचं, कमरेवर हात, आणि सावकाश डावीकडे मागेपर्यंत बघायचं, मग उजवीकडे मागेपर्यंत. जोडीदारणीला हाक द्यायची. कंबरेला जो पीळ हवा तो मिळतो आणि नजर फिरते. याने वाघ टळतो असं मी कोणाला सांगत नाही, सांगूही नये. पण जी कसरत माणसाला आजूबाजूला बघायला विसरवते ती जंगलात शिकवणं हा गुन्हा आहे, हे मला म्हातारीने शिकवलं. वहीत त्या दिवशी उजवी बाजू भरून दुसऱ्या पानावर गेली.

'आभाळ बघा' मध्ये मात्र एक गोष्ट खरी होती, ती सोडली नाही. पूर्वी मी म्हणायचो, "छाती पुढे, खांदे मागे, पोट आत, मानेचा कणा लांब." एवढं ऐकून माणूस लाकडासारखा ताठ व्हायचा. "आभाळ बघा" म्हटलं की हे सगळं आपोआप होतं. याच्यावर चांगलं संशोधन आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगच्या यंत्रावर लोकांना शिकवून पाहिलं. काहींना सांगितलं की आपल्या पावलांकडे लक्ष द्या, काहींना सांगितलं पावलांखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष द्या. फरक काही इंचांचा. पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. शरीराकडे लक्ष दिलं की शरीर अडखळतं. मी हे वाचलं आणि आमच्या आजीची आठवण झाली. जात्यावर बसवून ती "मनगट असं फिरव" कधी म्हणाली नाही. म्हणायची, "पीठ सारखं पडू दे."

एटापल्लीकडे एका आश्रमशाळेत उन्हाळी शिबिराला गेलो होतो तेव्हा हेच वेगळ्या रीतीने कळलं. मुलं माडिया बोलणारी, माझं मराठी त्यांना अर्धं कळायचं. "उजवा पाय पुढे, डावा खांदा मागे" यात पूर्ण सकाळ गेली, आणि पोरं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच मतिमंद. संध्याकाळी रेला सुरू झाला. एकमेकांच्या हातात हात गुंफून गोल. सहा वर्षांचं पोर शेवटी जाऊन चिकटलं, दोन फेऱ्या पाय चुकले, तिसऱ्या फेरीत बरोबर. कोणी त्याला एक अक्षर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टी खोलीतच ठेवली आणि मीही ओळीत हात धरून उभा राहिलो. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं 'मिशन शौर्य'मध्ये मे २०१८ ला एव्हरेस्टवर गेली, दहा जणांपैकी पाच शिखरावर पोचली. तेव्हा शहरातले लोक मला विचारायचे, "अरे, यांना एवढ्या लवकर कसं शिकवलं असेल?" प्रश्नच उलटा आहे. इतकी वर्षं त्यांना काहीच येत नाही असं आपण का धरून चाललो?

शिकवणं सुधारणं म्हणजे काय, याचं माझ्या डोक्यातलं सर्वांत सुंदर उदाहरण व्यायामातलं नाहीच. ते आहे सर्चच्या ब्रेथ काउंटरचं. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का हे श्वास मोजून कळतं. पण गावातल्या सुईणींना एवढी मोजणी आणि घड्याळ येणार कुठून? सरळ उपाय म्हणजे त्यांना शंभरपर्यंत आकडे शिकवा, घड्याळ शिकवा, परीक्षा घ्या, आणि नापास झाल्या की म्हणा, यांना जमत नाही. बंग दांपत्याने काय केलं? एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या तारा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत तर सगळ्यांनाच मोजता येतं. १९९० च्या सुमारासची ही गोष्ट. सुईणींमध्ये काहीही बदललं नाही, शिकवणाऱ्यांनी स्वतःला बदललं. मी ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण माझ्या वहीत "यांना जमत नाही" हे वाक्य त्याच आठवड्यात दोनदा होतं.

मणी मीही चोरला म्हणा ना. पोलीस भरतीची पोरं-पोरी माझ्याकडे येतात. गडचिरोलीत भरती म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. एका नोकरीने घर उभं राहतं. पन्नास गुणांचं मैदान. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात कारण तीच एक सपाट जागा. मीही पळवायचो. ऑगस्ट २०२५ मध्ये आरमोरी–गडचिरोली रस्त्यावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने उडवलं, चौघं गेली. ती मुलं माझी नव्हती. पण मी कितीतरी पोरांना तसल्याच अंधारात, तसल्याच रस्त्यावर शिट्टी मारली होती. आता रस्ता बंद. शाळेच्या पटांगणात दोनशे मीटरची फेरी आखली आहे, सोळाशेला आठ फेऱ्या, खिशात आठ खडे, दर फेरीला एक खडा टाकायचा. वेग चुकत नाही, मोजणी चुकत नाही. पावसात चिखल झाला तर त्या दिवशी पळणं नाही, पायऱ्या आणि ताकदीचं काम. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

याच पोरांमध्ये माझी दुसरी मोठी चूक आहे. एक मुलगा ऊन चढलं की बसायचा. हाडं दुखतात म्हणायचा. मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हटलं. एकदा नाही, अनेकदा. मग एक दिवस तो पोटऱ्या धरून लोळायला लागला तेव्हा दवाखान्यात नेला. सिकलसेल. वाहक नव्हे, पूर्ण आजार. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार आहे हे मला काय माहीत नव्हतं? पाठ्यपुस्तकात होतं, दवाखान्याच्या भिंतीवर होतं. उन्हात, पाणी न पिता, दमेपर्यंत पळवलं की अशा मुलाच्या रक्तवाहिन्यांत काय होतं हेही वाचलेलं होतं. फक्त मी समोरच्या पोराशी ते जोडलं नाही, कारण 'आळशी' हा शब्द हाताशी होता. देशाने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान २०२३ साली सुरू केलं. मी माझं त्याच्या आधी सुरू केलं होतं असं अभिमानाने सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आता पहिल्या दिवशी शिट्टीच्या आधी कार्ड विचारतो, तपासणी झाली नसेल तर आधी आरोग्य केंद्रात जा म्हणतो, आणि पाण्याची बाटली नसेल तर मैदानात पाय ठेवू देत नाही. तो मुलगा आता एका दुकानात हिशेब बघतो. रविवारी येतो, सावलीत हलकी कसरत करतो. त्याने मला कधी काही म्हटलं नाही. या भागातली माणसं म्हणतच नाहीत हो, हीच तर पंचाईत आहे. पुण्याचा क्लायंट फी परत मागेल, इथला माणूस "बरं जी" म्हणून घरी बसेल.

आता माझा एक जुना मित्र, तोही याच क्षेत्रातला, म्हणतो की तू सारखं बदलत राहतोस, यामुळे लोक गोंधळतात. सूर्यनमस्कार बघ, आमच्या आजोबांनी घातले तेच आम्ही घालतो. त्यात शिस्त आहे. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रोज नवं काहीतरी आणणारे शिक्षक मीही पाहिलेत. सकाळी मोबाइलवर रील बघायचं, संध्याकाळी तेच वर्गात. आज रबराचा पट्टा, उद्या मोठा चेंडू, परवा आणखी काही. त्याला मी सुधारणा म्हणत नाही, ती शिक्षकाची करमणूक आहे. माझ्या वर्गाची पहिली पाच मिनिटं गेली पंधरा वर्षं तीच आहेत, क्रमसुद्धा तोच, कारण आलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळायला हवं. बदलायचं ते एका वेळी एकच, आणि उजव्या बाजूला काहीतरी दिसलं तरच. बहुतेक वेळा बदल म्हणजे काहीतरी काढून टाकणं असतं. १९९८ मध्ये मी एका वर्गात बावीस प्रकार घ्यायचो. आता सात. बोलणं तर चौथाई राहिलं आहे. (घरी मात्र उलटं आहे असं बायको म्हणते.)

आणि शिस्तीबद्दल म्हणाल तर बाबा आमटेंचं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरचं आहे. मणक्याच्या आजारामुळे बाबांना कित्येक वर्षं बसता येत नसे. एक तर उभं राहायचं नाही तर आडवं. त्याच अवस्थेत त्यांनी १९८५-८६ साली कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' केलं, बसमध्ये आडवं पडून प्रवास करत. 'नीट बसा' म्हणणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात बाबा पहिल्याच दिवशी नापास झाले असते.

भाच्याला मेथड काय सांगावी? मी शेवटी त्याला वहीचं एक पान फोटो काढून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मामा, अक्षर कळत नाही." :)

या रविवारी पुन्हा नदीपलीकडे जायचं आहे. मावशी आता सत्तरीच्या आसपास आहेत, रोवणीला जात नाहीत, त्यांची नात जाते, कॉलेजला सुट्टी टाकून. मावशींचा गुडघा धरला आहे. मी त्यांना ओट्याच्या पायरीवर चढ-उतार दिलं होतं, तर गेल्या खेपेला कळलं की पायरीची उंची त्यांना जड जाते म्हणून त्या घराजवळच्या धुऱ्यावर जाऊन करतात. धुरा उताराचा असतो, हवी तेवढी उंची निवडता येते. पण पावसात तो निसरडा होणार. वहीत लिहून ठेवलं आहे: धुरा चांगला, पण जूननंतर काय? लाकडाच्या दोन-तीन फळ्या आणि चार विटा गाडीत टाकून ठेवल्यात. मावशींना दाखवतो आणि बघतो त्या काय करतात.